झाझिकीच्या कपड्याची लाज

मी एक जुना कपडा आहे, मित्रांनो. दही गाळायचा कपडा. रंग कोणे एके काळी पांढरा होता, आता विचारू नका. माझी चार टोकं धरायची, मध्ये दही ओतायचं, गाठ मारायची आणि मला खुंटीला टांगायचं. पाणी गळून जातं, चक्का उरतो. एवढंच माझं काम. पण माझी कहाणी सांगायची तर आधी मान खाली घालावी लागेल. ती मी घातली आहे. तसंही ओल्या कपड्याला मान वर ठेवता येत नाही.

इतरांचं बरं असतं. आमच्या घरातला लाकडी खलबत्ता सांगायचा, मी अक्रोडाच्या खोडातून जन्मलो. तांब्याची कढई सांगायची, मी आजेसासूच्या लग्नात आले. माझी पाळी आली की मी गप्प. कारण मी कुठून आलो हे सांगायचं तर चारचौघांत उच्चारवत नाही असा शब्द उच्चारावा लागतो.

सुरुवात तशी वाईट नव्हती. मी पिठाचं पोतं होतो. लढाई संपली, आमच्या डोंगरातली गावं उपाशी पडली, आणि परदेशातून जहाजं भरभरून पीठ आलं. त्या जहाजावर आम्ही इतकी पोती होतो की वाटेत वादळ झालं तेव्हा अर्ध्या समुद्राची कणीक मळली गेली. मासे पोळ्या लाटताना दिसले असं माझ्या शेजारचं पोतं शपथेवर सांगायचं. मी स्वतः पाहिलं नाही, मी खाली होतो. पण शेजारी खोटं बोलणारा नव्हता.

पीठ संपलं आणि पोतं उरलं. त्या काळी गावात कापड कुठलं? बायांनी पोती उसवली आणि घरातल्या पुरुषांसाठी शिवल्या... आता सांगतोच... चड्ड्या शिवल्या. नाडीच्या, गुडघ्याखाली उतरणाऱ्या, ढगळ चड्ड्या. मी मेंढपाळ स्टेर्योसची चड्डी झालो. त्याची बायको असिमीना हिने मला शिवलं. तिचा टाका बारीक होता, पण पोत्यावरची निळी परदेशी अक्षरं काही केल्या निघाली नाहीत, आणि ती नेमकी मागच्या बाजूला आली. एकदा नदीवर सगळ्या गावाच्या चड्ड्या वाळत असताना शाळामास्तर तिथून गेले. थांबले, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचून दाखवलं, "भेट म्हणून. विकण्यासाठी नाही." त्या दिवसापासून आमच्या गावचे पुरुष बाजारात जरा अंग चोरून चालायला लागले.

स्टेर्योस मात्र हसला होता. मोठा अबोल माणूस. बोलायचं ते शीळ घालून बोलायचा, मेंढ्यांशीही आणि बायकोशीही. माणसाचा कोट काय, टोपी काय, त्यांना माणूस बाहेरून दिसतो. मी त्याला थंडीत कुडकुडताना ओळखत होतो. एका हिवाळ्यात बर्फात अडकलेली मेंढी आणायला तो गेला, मेंढी घेऊन आला, आणि छातीत थंडी घेऊन आला. मेंढी वाचली. तो नाही वाचला. त्यांची लेक लेमोन्या तेव्हा रांगत होती.

कोट एकाला दिला, बूट धाकट्या भावाला दिले, फोतिसला. चड्डी कोण घेणार? असिमीनाने मला चुलीत टाकायला उचललं होतं. चुलीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने मला राखेच्या पाण्यात उकळलं, पुन्हा उकळलं, उन्हात घातलं, आणखी उकळलं, इतकं की निळी अक्षरं आपण होऊन निघून गेली. मग मला उसवून, पाय कापून, तिने माझा चौकोन शिवला. मधला एक जाड टाका तेवढा राहिला. कुठला टाका ते विचारू नका.

आणि मित्रांनो, मी चांगलं काम केलं! हे सांगताना तरी मला जरा ताठ होऊ द्या. ते पीठ दळणाऱ्या देशाने कापड असं विणलं होतं की दह्यातलं पाणी सुटावं पण दही सुटू नये. असिमीना मेंढीचं दूध तापवायची, करंगळी बुडवून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची, ती संपेपर्यंत बोट टिकलं तर विरजण लावायची, मडक्याला घोंगडी गुंडाळायची. दुसऱ्या दिवशी दही माझ्या पोटात. थेंब थेंब पाणी गळत राहायचं, आणि चक्का असा व्हायचा की सुरीने कापावा. मग काकडी किसायची, मीठ लावून ठेवायची आणि तीही माझ्यातच घालून पिळायची. पिळताना असिमीना दात-ओठ खाऊन पिळायची. एकदा पिळलेल्या काकडीचं पाणी अंगणातून वाहत वाहत गेलं आणि खालच्या वस्तीतल्या आटलेल्या विहिरीला पाणी आलं म्हणतात. मग खलबत्त्यात लसूण आणि मीठ कुटायचं, थोडा सिरका घालायचा, ऑलिव्हचं तेल घालायचं, सगळं एकत्र फेटायचं. झाली झाझिकी.

ती किती घट्ट? एकदा ताटली खिडकीत ठेवली होती. कोंबडा उडी मारून तिच्यावर बसला, आरवला, उतरून गेला. पायाचा ठसासुद्धा नाही. आणि लसूण? फोतिसने सकाळी भाकरीबरोबर खाल्ली आणि मेंढ्या हाकायला गेला, तर मेंढ्या वळूनसुद्धा न बघता पुढे पळत सुटल्या. कुत्र्याला त्या दिवशी सुट्टी.

सणाला, लग्नाला, बारशाला गाव असिमीनाच्या दाराशी भांडं घेऊन यायचं. मी खुंटीवर टांगलेला असायचो, आणि लोक म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे. मला बरं वाटायचं. कुणी वर पाहिलं की मात्र मी टाका आतल्या बाजूला वळवून घ्यायचो.

घात केला तो लेमोन्याच्या प्रेमाने. लहान होती, तिला कळेना बाबा कुठे गेले. आईने एकदा मला दाखवून म्हटलं होतं, "हे तुझ्या बाबांचं आहे हो." पोरीने अर्थ असा लावला की बाबा हेच. रोज सकाळी तळघरात यायची, माझ्याकडे वर बघायची आणि आईला विचारायची, "आई, बाबांचं गळून झालं का?"

असिमीना डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "झालं हं. आता खा."

हीच गोष्ट पोरीने पहिलीत असताना वर्गात अभिमानाने सांगितली. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पोरं रस्त्यातून ओरडत जायची, "चड्डीचं दही! चड्डीचं दही!" मोठी माणसं तोंडावर हात ठेवून हसायची. हसत हसत ताटल्या मात्र पुसून साफ करायची, हेही खरं. पण लेमोन्याने त्या दिवसापासून घरचं दही सोडलं. माझ्याखालून जाताना ती डोकं वाकवून जायची. कोळ्याचं जाळं लागेल म्हणून वाकतात तसं.

मला माझी लाज होतीच. आता तिची लाजही माझ्याच अंगाला चिकटली. दह्याचा डाग उकळून जातो. हा गेला नाही.

लेमोन्या मोठी झाली, शिवणकाम शिकायला खाली कार्दित्सा शहरात गेली. तिथे औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घ्यायला गेली आणि गोळी देणारा मुलगा, वायोस, पैसे घ्यायचे विसरला. डोकेदुखी वारंवार होऊ लागली. सगळं जमत आलं होतं. अडचण एकच, वायोसची आई.

पागोनाबाई म्हणजे शहरात नावाजलेल्या. स्वच्छता एवढी की त्यांच्या घरात माशी आधी पाय पुसायची. मुलासाठी पाहिलेली एक मुलगी त्यांनी हसते मोठ्याने म्हणून नाकारली, दुसरी बसते खुर्चीच्या कोपऱ्यावर म्हणून. त्यांचा निरोप आला: ऑगस्टमधल्या मरियामातेच्या सणाला आम्ही गावी येऊ. मुलीने स्वतःच्या हाताने झाझिकी करावी. चमचा उभा राहिला पाहिजे. सणाच्या जेवणावर शब्द द्यायचा की नाही ते ठरवू.

आमच्याकडे शब्द दिला की लग्न झाल्यातच जमा. आणि शब्द न देता पाहुणे परत गेले, तर ती मुलगी वर्षानुवर्षं "कार्दित्सावाल्यांनी सोडलेली" म्हणूनच ओळखली जाते.

लेमोन्या सणाच्या आधी घरी आली ती आईच्या मागेच लागली.

"आई, काहीही कर. पण ते नको."

"ते म्हणजे?"

"तुला माहितीये काय ते."

"मला नाही बाई माहीत. नाव घे."

लेमोन्याने नाव घेतलं नाही. दाराआड फोतिसकाका काठी तासत बसला होता. तो म्हणाला, "नावात काय लाजायचंय? माझ्या भावाची—"

"काका!" लेमोन्या किंचाळली. "पाहुण्यांसमोर तू एक शब्द बोललास ना, तर मी विहिरीत उडी मारीन."

"आपल्या विहिरीत? गुडघाभर पाणी आहे. सर्दी होईल."

सणाच्या आदल्या दिवशी पागोनाबाई आणि वायोस आले. झीसिसराव, म्हणजे वायोसचे वडील, औषधवाले स्वतः, दुकान उघडं ठेवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी येणार होते. अंगणात पाऊल टाकताच पागोनाबाईंची नजर भिरभिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी धुऊन द्राक्षाच्या मांडवाच्या दोरीवर वाळत होतो. मी टाका लपवायला गेलो तर वाऱ्याने नेमका उलटा केला.

"हे काय आहे?" पागोनाबाईंनी विचारलं.

असिमीनाच्या हातात लसणाची वेणी होती. तिने तोंड उघडलं. पण लेमोन्या आधी बोलली.

"कुत्र्याचं अंथरूण आहे, काकू."

एवढं बोलून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण खोटं बोललं की माणूस ते सिद्ध करायला धावतो. तिने मला दोरीवरून ओढलं आणि मुर्गोसच्या अंगावर फेकलं. मुर्गोस आमचा म्हातारा धनगरी कुत्रा. स्टेर्योसच्या मागे मागे फिरलेल्या कुत्र्याचा नातू. त्याने मला हुंगलं, तो उठला आणि दोन पावलं सरकून उघड्या दगडावर जाऊन बसला. कुत्रासुद्धा माझ्यावर बसला नाही. मित्रांनो, मी धुळीत पडलो होतो आणि मला वाटत होतं, पुन्हा पीठ होता आलं असतं तर वाऱ्यावर उडून गेलो असतो.

 असिमीनाच्या हातातून लसणाची वेणी पडली, एवढंच.

"गाळायचं मीच आणलंय बघा," पागोनाबाई पिशवी उघडत म्हणाल्या. "आमच्या दुकानातली कापडी जाळी. सीलबंद, निळ्या कागदातली. सगळ्यात महाग. विहीणबाई, खेड्यात कसल्या कसल्या फडक्यातून गाळतात, मला माहिती आहे. मला नाही चालत."

मडकंभर दही लेमोन्याने त्या जाळीत ओतलं आणि तळघरात टांगलं. काय ती जाळी! पांढरीशुभ्र, पातळ, शहरातली. असिमीनाने वाकून नाक लावलं.

"कसलातरी वास येतोय, विहीणबाई."

"स्वच्छतेचा वास आहे तो," पागोनाबाई म्हणाल्या.

आता हे लक्षात घ्या. सणाच्या आधीचे दोन आठवडे आमच्याकडे कडक उपास. दूध नाही, दही नाही, लोणी नाही. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात झाझिकी होत होती आणि एकाही माणसाला ती जिभेला लावायची सोय नव्हती. एरवी असिमीना गळणारा पहिला थेंब चाखून सगळं ओळखायची.

फोतिस म्हणाला, "मी चाखतो. मी तसाही नरकात जाणार आहे, तिथे जाताना तोंडाला चव तरी राहील."

"खबरदार!" पागोनाबाईंनी चमचा त्याच्या हातातून काढून घेतला. "मुलीच्या हातच्या पदार्थात पहिलं बोट तुमचं? आणि उपासाच्या दिवशी?"

मग कुणीच चाखलं नाही. लेमोन्याने काकडी किसली, जाळीच्या दुसऱ्या तुकड्यातून पिळली. लसूण तिने असा कुटला की गावातल्या चिमण्या दुसऱ्या गावी गेल्या. त्या लसणाखाली जगातला कुठलाही वास दबला असता.

संध्याकाळी सगळे देवळात गेले. असिमीना मागे राहिली. तिने मला कुत्र्याजवळून उचललं, झऱ्यावर नेलं, धुतलं, उकळलं. कुणावर रागावली नाही, कुणाला बोल लावला नाही. उरलेलं दही माझ्यात बांधलं आणि मला तळघराच्या दुसऱ्या टोकाला, लहान खिडकीपाशी टांगलं. ती खिडकी अंगणाच्या जमिनीलगत आहे. तिथून माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात.

म्हणून सणाचं जेवण मी पायांवरून पाहिलं, मित्रांनो.

देवळातून सगळे आले. फोतिसचे फाटके बूट आले, माझ्या धन्याचेच बूट. वायोसचे पॉलिश केलेले बूट आले आणि लेमोन्याच्या नव्या पांढऱ्या सँडलजवळ जाऊन थांबले. मग धुळीने माखलेले जाड जोडे आले. झीसिसराव पहाटेची बस पकडून पोचले होते. टेबलाखाली सगळ्यात मध्ये पागोनाबाईंचे काळे चकचकीत जोडे.

लेमोन्याने ताटली ठेवली. पागोनाबाईंनी चमचा रोवला. तो उभा राहिला. काळ्या जोड्याची टाच समाधानाने जमिनीवर वाजली, टक टक. लेमोन्याच्या सँडल पहिल्यांदा जमिनीवर सपाट टेकल्या. मी खाली तळघरात टांगलेला, एकटाच हरलेला. म्हटलं, बरं झालं. पोरीचं काम माझ्यावाचून झालं. आता मी खुशाल चुलीत जातो.

मग सगळ्यांनी पावाचे तुकडे बुडवले.

पहिले फोतिसचे बूट आखडले. मग वायोसचे. मग वर इतकी शांतता झाली की वेलीवरचं द्राक्ष पिकताना ऐकू येत होतं.

"वहिनी," फोतिस म्हणाला, "हे खायचं की गुडघ्याला लावायचं?"

"काय घातलंस यात?" पागोनाबाईंचा आवाज. "मुली, तुला विचारतेय. दवाखाना लागतोय तोंडाला!"

"काकू, मी काहीच... दही, काकडी, लसूण..."

"वायोस, ऊठ." काळे जोडे उभे राहिले. "जिला साधी झाझिकी येत नाही ती आपल्या घरात काय करणार? ऊठ म्हणते ना!"

पांढऱ्या सँडल एकमेकींवर चढल्या. त्यांच्यावर टप्पकन एक थेंब पडला. मी गळतो तसाच.

"अगं थांब," झीसिसरावांचा घास अजून चालूच होता. सावकाश, जाणकारासारखा. "ही चव माझ्या ओळखीची आहे. हां! निळ्या कागदातली जाळी. जखमेवर बांधायची, औषधात भिजवून वाळवलेली. पागोना, तू वरच्या फळीवरून घेतलीस का? तरी मी म्हणतोय एक पाकीट गेलं कुठे!"

टेबलाखाली सगळ्यांची पावलं चुळबुळली.

"घाबरू नका," ते पुढे म्हणाले, "मरत नाही कुणी. पोटात एखादी जखम असलीच तर भरून येईल."

काळे जोडे हळूहळू खाली बसले आणि मागे मागे सरकत खुर्चीखाली गेले. मला वाटायचं लाजेत माझा हात कुणी धरणार नाही. पण त्या दिवशी त्या जोड्यांना मी माझ्या शेजारी खुंटी दिली असती.

"मला वाटलं, महाग ते चांगलं," पागोनाबाई पुटपुटल्या.

असिमीना उठली आणि तळघरात आली. मागोमाग लेमोन्या. पोरीचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. असिमीनाने माझी गाठ सोडली. चक्का मऊसूत, घट्ट, गोडसर.

"काकडी राहिलीये, लसूण राहिलाय. आत्ता होईल," असिमीना म्हणाली. "पण ऐक. वर कुणी विचारलं, कशातून गाळलं, तर तू खरं सांगायचंस. मी नाही सांगणार."

"आई, ते निघून जातील गं."

"जातील कदाचित."

"मग?"

"मग काय. काल तू त्याला कुत्र्याच्या अंगावर टाकलंस, मी काही बोलले का? तू माझी लेक आहेस. पण तो माझा नवरा होता, लेमोन्या. दोनदा नाही मला ऐकवणार. खरं सांगायचं नसेल तर हे इथेच राहू दे."

लेमोन्याने वर पाहिलं. वर खुर्च्या सरकत होत्या, पाहुणे निघायच्या बेतात होते. मग तिने काकडी उचलली, किसली, माझ्यात घातली आणि पिळली. आईसारखीच, दात-ओठ खाऊन. फेकायला नव्हे, कामाला, पहिल्यांदाच मला तिचा हात लागला. गार होता, आणि घामाने ओला.

तिने मला पुन्हा खुंटीला अडकवलं आणि ताटली वर गेली. मी खिडकीतून पायांकडे बघत राहिलो.

"आणि हे?" पागोनाबाईंचा आवाज पुन्हा धारदार झाला होता. स्वतःची चूक पदरात पडली की माणूस दुसऱ्याची शोधतो. "हे कशातून गाळलंय?"

पांढऱ्या सँडलांच्या टाचा जमिनीत रुतल्या.

"काल मी ज्याला कुत्र्याचं अंथरूण म्हणाले, त्यातून," लेमोन्या म्हणाली. "ते अंथरूण नाही, काकू. माझ्या बाबांची चड्डी आहे. मला त्यांचं तोंड आठवत नाही. त्यांचं एवढंच मी रोज पाहिलंय. आणि काल मी ते फेकलं."

मित्रांनो, मी इतका लाजलो की खुंटीवरून निसटून परातीत पडलो. सगळ्या अंगणासमोर, शहरच्या पाहुण्यांसमोर, मोठ्याने, तो शब्द! आता मी पडल्या पडल्या फक्त ऐकू शकत होतो.

  मग पाव मोडल्याचा आवाज आला आणि फोतिसकाकाचा घोगरा स्वर, "भरपूर लसूण घातलाय पोरीने. डोळ्यांतून पाणी आलं."

वायोस म्हणाला, "मलाही वाढ." त्याचा घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्या घासाला तो काही बोलायला गेला, पण तोंड भरलेलं होतं.

"विहीणबाई," पागोनाबाईंनी विचारलं, "उकळली होती का?"

"राखेच्या पाण्यात," असिमीना म्हणाली. "त्यावरची अक्षरं पळून जाईपर्यंत."

"अक्षरं कसली?"

हे मात्र असिमीनाने सांगितलं नाही. ते फोतिसने सांगितलं, शाळामास्तरांच्या आवाजात. झीसिसराव एवढे हसले की त्यांच्या खुर्चीचा पाय मोडला. मी परातीत तोंड खुपसून पडून होतो. हसणं ओसरलं तेव्हा पागोनाबाईंची ताटली पुढे सरकल्याचा आवाज आला.

"घाला मला," त्या म्हणाल्या. "आणि साखरपुडा द्राक्षं उतरल्यावर करू. त्याआधी पुन्हा डोंगर चढायला माझ्या जोड्यांना फुरसत नाही."

त्या दुपारी लेमोन्याने मला स्वतः धुतलं आणि अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दोरीवर पसरलं. टाका बाहेरच्या बाजूला. मला सोय नव्हती लपायची. पाहुणे माझ्याखालून ये-जा करत होते आणि मी ओला होतो म्हणून कुणाला कळलं नाही की मी लाजेने किती गळतोय.

लग्नाच्या आधी मुलीचं सगळं कापडचोपड शेजाऱ्यांना दाखवायची आमच्याकडे रीत आहे. कार्दित्साच्या घरात पलंगावर चादरी, भरतकामाचे रुमाल, झालरीचे अभ्रे मांडले होते. लेमोन्याने मला त्यांच्या मधोमध ठेवलं, घडी करून, वर तुळशीची काडी खोचून. शेजारणी एकेक वस्तू बोटांत धरून बघत होत्या. माझ्याजवळ आल्या आणि नाकं मुरडली. मी रेशमात बुडून जायला जागा शोधत होतो.

"हे कसलं बाई फडकं?" एकीने विचारलं आणि हात पुढे केला.

"हात धुतलेत का?" पागोनाबाई म्हणाल्या. "नसतील तर त्याला लावू नका."

त्याला आता किती वर्षं झाली मला सांगता येणार नाही. कपड्याला वर्षं मोजता येत नाहीत, उकळ्या मोजता येतात, आणि त्यांचाही हिशेब मी सोडला. असिमीना गेली. पागोनाबाई गेल्या. आता दुकानात डब्यात तयार चक्का मिळतो, घरात स्टीलची चाळणी आहे. लेमोन्या म्हातारी झाली आहे, वर्षातून एकदा सणाला मला खणातून काढते. मी इतका विरलोय की माझ्यातून पलीकडचं दिसतं. नातवंडं विचारतात, आजी, हे काय? ती सांगते. मोठ्याने सांगते. नातवंडं हसून हसून लोळतात, आणि मी खुंटीवर कोपऱ्याकडे वळतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा कपडा असेल. दही काढून झालं की त्याला आधी गार पाण्यात धुवा, मग उकळा. ओला कोंबून ठेवू नका, उन्हात पसरा. फाटला तर एक टाका घाला. फेकायचाच असेल तर फेकण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, हा कुणाचा होता. आणि पाहुण्यांनी विचारलं तर खरं सांगा. मी लाजेन. ते माझं मी बघून घेईन.